ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला शिफ्ट किट बसवून नऊ महिने झाले

किट बसवल्यापासून गाडी अकरा हजार किलोमीटर चालली. "पिकअप वाढला का रे?" असं विचारणाऱ्यांना एकदाच सांगतो, नाही वाढला. शिफ्ट किट म्हणजे गिअर घट्ट आणि वेळेत पडावेत म्हणून गिअरबॉक्सच्या आत बसवायचे छोटे सुटे भाग, त्यानं इंजिनाची ताकद वाढत नाही. माझं दुखणं वेगळं होतं.

गाडी सात सीटर डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली ऑटोमॅटिक. काम केलं तेव्हा 1 लाख 12 हजार किलोमीटर झाले होते आणि वॉरंटी केव्हाच संपली होती. (वॉरंटीतल्या गाडीला असला हात लावायचाच नाही.) रत्नागिरीहून येताना साखरप्याकडून आंबा घाट चढायला लागलं की दुसऱ्यातून तिसरा पडताना इंजिन उगाचच तीनचारशे आरपीएमनं वर पळायचं, मग गिअर धरायचा. गाडीत सात माणसं आणि वर आंब्याच्या पेट्या असल्या की जास्तच. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला) ब्लूटूथ रीडर लावून बघितलं, तर घाटमाथ्यावर पोचेपर्यंत गिअर ऑईल 114 अंशांवर.

असल्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतो म्हणजे एक क्लच सुटत असताना दुसरा धरत असतो. आत बसलेल्याला झटका कळू नये म्हणून कंपनी ही अदलाबदल जरा रेंगाळू देते, क्लच थोडे घसरू देते. त्या घसरण्याची उष्णता क्लचच्या प्लेटांना आणि तेलाला सोसावी लागते. त्यात वाल्व्ह बॉडी, म्हणजे कुठल्या क्लचला तेलाचा दाब द्यायचा ते सांभाळणारा भाग, ॲल्युमिनियमची. आतले छोटे वाल्व्ह वर्षानुवर्षं पुढंमागं सरकून त्यांची भोकं झिजतात, तेलाचा दाब गळतो आणि रेंगाळणं आणखी वाढतं. किटमध्ये याच्यावरचाच इलाज असतो: जाड स्प्रिंगा, गळती थांबवणारे वाल्व्ह आणि प्लग, नव्या ओ रिंगा. अमेरिकेतल्या सोनॅक्स आणि ट्रान्सगो या कंपन्या या कामासाठी माहितीच्या आहेत. किट मात्र तुमच्याच गिअरबॉक्सच्या मॉडेलचं लागतं. गाडीचं नाव बघून मागवलंत तर फसाल, कारण एकाच गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळे गिअरबॉक्स असू शकतात.

माझ्या मित्राचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. वाल्व्ह बॉडीतली सेपरेटर प्लेट (तेल जायची भोकं असलेला पातळ पत्रा) हातात घेऊन म्हणाला, "भावा, ही भोकं जरा मोठी करूया की! फुकटात काम हुतंय, किट कशाला मागवतोस?" तसा तो अगदी चुकीचं बोलत नव्हता. जुन्या, निव्वळ तेलाच्या दाबावर चालणाऱ्या गिअरबॉक्सना लोक हेच करायचे. पण आता गिअर बदलायला किती वेळ लागला हे कॉम्प्युटर सेन्सरवरून मोजतो आणि पुढच्या वेळी दाब कमीजास्त करतो. त्याच्या हिशेबाबाहेर भोक गेलं की तो सावरत बसतो, आणि एकदा मोठं केलेलं भोक लहान होत नाही. मी प्लेट त्याच्या हातातून काढून घेतली.

काम शिरोलीकडच्या एका फिटरनं केलं. पॅन उतरवल्यावर तेल चहाच्या चोथ्यासारखं काळपट निघालं, जळकट वासाचं. पॅनमधल्या मॅग्नेटवर काजळासारखा लेप होता. फिटरनं तो बोटावर घेऊन चोळला, उजेडात धरला आणि म्हणाला, "कण न्हाईत, मग हरकत न्हाई." धातूचे खवले निघाले असते तर किटचा खर्च पाण्यात गेला असता, सरळ ओव्हरहॉलच. मग प्रत्येक भोकाला व्हॅक्यूम लावून गळती तपासली. दोन ठिकाणी मीटरचा काटा उभाच राहिना, म्हणजे तिथं गळती होती. किट, तेल, फिल्टर, गॅस्केट आणि मजुरी धरून 54 हजार गेले.

पहिले दोन आठवडे मनस्ताप झाला. थंड गाडीत रिव्हर्स टाकला की दोन सेकंद काहीच नाही, मग धाडकन लागायचा. आधी मी किटलाच शिव्या घातल्या. निघालं काय, तर तेल कमी भरलं होतं. असल्या गिअरबॉक्समध्ये लेव्हल इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला आल्यावर बघावी लागते. यांनी घाईत इंजिन बंद असतानाच बघितली होती. आणखी सव्वा लिटर तेल आत गेलं! त्यानंतर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरनं जुनं शिकलेलं स्कॅनरनं पुसलं आणि दोनतीनशे किलोमीटर निवांत चालवली, तेव्हा कुठं गिअर ठिकाणावर आले.

आता घाटात तिसरा ठक्कन पडतो. आरपीएमचा काटा खाली येतो तो एकदाच, मध्ये लोंबकळत नाही. मेमध्ये त्याच वाटेनं, तेवढ्याच ओझ्यानं आलो, तेल 101 च्या वर गेलं नाही. निपाणीकडं उसाच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करताना पाय दाबला की गिअर लगेच खाली येतो, जीव टांगणीला लागत नाही.

गावातली गोष्ट वेगळी. दसरा चौक ते कावळा नाका, सकाळी दहा वाजता, पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. प्रत्येक वेळी पाठीत हलकी थाप बसते. गावाकडून दुधाची किटली आणतो, ती बायको पायाशी धरून बसते. एवढ्या वर्षांत कधी थेंब सांडला नव्हता, किट बसवल्यावर पहिल्याच रविवारी मॅट धुवावी लागली. आई मागच्या सीटवरून विचारते, "कोण मागनं ढकलतंय रं?" पायाचा अंदाज बदलल्यावर हे निम्मं कमी झालं, पूर्ण गेलेलं नाही. पावसात शेताच्या चिखलवाटेवर दुसरा पडताना मागची चाकं जरा सटकतात. तिथं मी मॅन्युअल मोडमध्ये टाकून गिअर धरून ठेवतो.

गिअर नुसते ढिले वाटत असतील तर आधी फक्त तेल-फिल्टर बदला, लेव्हल नीट बघून घ्या आणि हजारभर किलोमीटर चालवा. माझ्या गाडीत जो फरक पडला त्यातला निम्मा नव्या तेलाचा असणार असं मला वाटतं, पण दोन्ही एकदमच केल्यामुळं आता ते सिद्ध करता येत नाही. निव्वळ हौस म्हणून धडधाकट गिअरबॉक्स उघडायला मी सांगणार नाही.

एक खर्च अजून बाकी आहे. महिन्याभरापासून डी मध्ये टाकताना खालून ठण् असा आवाज येतो. फिटर म्हणतो गिअरबॉक्सचं माउंटिंग (तो ज्यावर टेकतो ते रबर) दबून गेलंय, आधीच्या मऊ शिफ्टमध्ये ते कळत नव्हतं. मला मागच्या चाकांकडं जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) संशय आहे. शनिवारी गाडी लिफ्टवर चढवायची ठरली आहे.