गोमुख की पिंडारी? किलोमीटर नंतर, आधी मुक्कामाची उंची बघा

दोन्ही उत्तराखंडातल्या हिमनद्यांकडे जाणाऱ्या वाटा. गंगोत्रीहून गोमुख १८ किलोमीटर. वाटेत एक मुक्काम धरला तर दोन दिवसांत जाऊन-येऊन होतं. पिंडारीला खरकियापासून, म्हणजे गाडीरस्ता संपतो तिथून, पाच-सहा दिवस चालायचं. त्यामुळे गोमुख सोपं वाटतं, पण हिमालयात पहिल्यांदाच सॅक पाठीवर घेणाऱ्याला तेच जड जातं.

उत्तरकाशी साधारण १,१५० मीटरवर आहे, गंगोत्री ३,१००वर. गाडी एवढा चढ एका दिवसात चढवते आणि दुसऱ्याच रात्री तुम्ही गोमुखाच्या वाटेवरच्या भोजबासाला ३,८०० मीटरच्या आसपास झोपता. विरळ हवेमुळे डोकं ठणकणं, मळमळ, अन्न नकोसं होणं, सगळं त्या रात्री सुरू होऊ शकतं. म्हणून गंगोत्रीच्या वाटेवरच्या हर्षिलला एक रात्र आणि गंगोत्रीत दोन रात्री काढा. वाचलेले दिवस बरेचसे तिथेच संपतात! पिंडारीचे मुक्काम मात्र पायरीपायरीने चढतात: खाती २,२००, द्वाली २,६००, फुरकिया ३,२००. सुमारे ३,६५० मीटरवरचा झीरो पॉइंट, म्हणजे वाटेचं शेवटचं टोक, बघून त्याच दिवशी खाली यायचं, त्यामुळे झोप कमी उंचीवरच होते.

गोमुखची वाट चिरबासा या थांब्यानंतर जवळजवळ उघडीबोडकी आहे. चिरबासा ते भोजबासा या ५ किलोमीटरमध्ये वरून दगड सुटतात. ऊन तापलं की दगडांना धरून ठेवणारा बर्फ वितळतो, त्यात वर चरणारी भरल (हिमालयातली रानमेंढरं) सुद्धा दगड ढकलतात. हा टप्पा सकाळीच पार करा, फोटोसाठी रेंगाळू नका. परवाना आधी काढा, कारण दिवसाला १५० जणांनाच सोडतात.

पिंडारीला बांज (ओक) आणि बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) यांचं जंगल आहे, पाणी भरपूर, आणि पावसाळ्यात जळवाही तितक्याच. फुरकियाच्या पुढे मे महिन्यातही बर्फ साचलेला असू शकतो. शेवटचे ७ किलोमीटर पहाटे पाचला सुरू करा. नऊ-दहानंतर ढग चढले की नंदा कोट शिखर दिसत नाही आणि अख्खी चाल फुकट जाते.

बर्फाला हात लावायचा म्हणून जाणार असाल तर दोन्हीकडे निराशा होईल. झीरो पॉइंटच्या पुढचा कडा ढासळलेला आहे, हिमनदी लांबूनच दिसते. गोमुखाला भागीरथी बर्फाच्या कमानीखालून उसळताना दिसते आणि मागे शिवलिंग, भागीरथी शिखरं. दृश्य म्हणून गोमुखच सरस. पण मुखाचे कडे तुटून पडत असतात, तेव्हा लांबच उभे राहा.

जुलै-ऑगस्ट दोन्हीकडे टाळा. ५ ऑगस्ट २०२५ला गंगोत्रीच्या रस्त्यावरच्या धरालीत पूर आला होता. मेअखेर ते जूनचा मध्य किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर, हे दिवस चांगले.

गोमुखाला जोडून त्याच्या वरचं तपोवन हे कुरण करायचा मोह होतो. ते ४,४०० मीटरच्या वर आहे आणि वाट थेट हिमनदीवरच्या ढिगाऱ्यातून जाते. तिथल्या भेगा माहीत असलेला गाईड नसेल तर गोमुखाहूनच परत फिरा.