चुकून मालकी बदलली: दुरुस्त करायचं, की सर्व्हर नव्याने उभा करायचा?

चोन -आर (डिरेक्टरी आणि तिच्यातल्या सगळ्या फाइलींचा मालक बदलणारी कमांड) भलत्याच डिरेक्टरीवर चाललं, तर ते उलटवणारी कमांड युनिक्समध्ये नाही. आयनोडमध्ये, म्हणजे फाइलसिस्टिम प्रत्येक फाइलबद्दल ठेवते त्या नोंदीत, मालकाच्या क्रमांकाला एकच जागा असते. नवा बसला की जुना गेला. म्हणून कोणता उपाय धरायचा हे एकाच गोष्टीवर ठरतं: कोणती फाइल कोणाची होती, याची नोंद आणखी कुठे शिल्लक आहे?

त्याआधी, रूटचं (सर्वाधिकार असलेल्या खात्याचं) शेल उघडं असेल तर ते बंद करू नका आणि मशीन रीबूट करू नका. सूडोची (रूटचे अधिकार मिळवून देणाऱ्या कमांडची) फाइल रूटच्या मालकीची लागते आणि तिच्यावर सेटयूआयडी बिट (प्रोग्राम फाइलच्या मालकाच्या अधिकारांनी चालवणारी खूण) लागतो. चोनने दोन्ही घालवलेले असतात. होम डिरेक्टरी किंवा ऑथराइज्ड-कीज (लॉगिनला परवानगी असलेल्या कीजची) फाइल परक्याच्या मालकीची दिसली, तर एसएसएचही की-लॉगिन नाकारतं. चालू रूट प्रोसेसला मात्र मालकी आडवी येत नाही, तेव्हा सगळी दुरुस्ती त्याच शेलमधून करायची. कमांड मध्येच थांबवली असेल, तर कुठवर पोचली होती हे सीटाइमवरून (फाइलची आयनोडमधली नोंद शेवटची बदलल्याच्या वेळेवरून) कळतं. फाइंडला सीमिनची अट लावून यादी काढा.

रेड हॅट, फेडोरा, रॉकी किंवा अल्मा वापरत असाल तर तुमचं काम बरंच सोपं आहे. तिथल्या आरपीएम या पॅकेज व्यवस्थापकाच्या डेटाबेसमध्ये पॅकेजच्या प्रत्येक फाइलचा मालक, गट, परवानग्या आणि केपेबिलिटीज (प्रोग्रामला दिलेले रूटचे सुटे अधिकार) नोंदलेल्या असतात. आरपीएमचा रिस्टोर हा पर्याय हे सगळं एकदम जागेवर आणतो. जुन्या आवृत्तीत तो नसेल, तर आधी सेटयूगिड्स आणि मगच सेटपर्म्स चालवा. क्रम उलटा केलात तर मेहनत वाया जाते, कारण एक्झिक्युटेबल फाइलचा मालक बदलला की लिनक्स सेटयूआयडी बिट काढून टाकतं, आणि कर्नल २.२.१३ पासून रूटलाही यातून सूट नाही.

डेबियन आणि उबुंटूवर हे सुख नाही. तिथला पॅकेज व्यवस्थापक डीपीकेजी आपल्या डेटाबेसमध्ये मालकी ठेवत नाही. ती मूळ पॅकेज फाइलमध्ये असते. सगळी पॅकेजं पुन्हा बसवली तर स्लॅश यूएसआरमधल्या फाइली सुधारतात, पण आधीपासून असलेल्या डिरेक्टऱ्या आणि चालता चालता तयार झालेल्या फाइली तशाच राहतात. डेबियनवर मी रीइन्स्टॉलपेक्षा जुळ्या सर्व्हरचा मार्ग आधी धरेन.

म्हणजे असं: त्याच आवृत्तीच्या, तीच पॅकेजं असलेल्या चांगल्या मशीनवर गेटफॅसल -आर चालवून यादी एका फाइलमध्ये घ्यायची आणि बिघडलेल्या मशीनवर सेटफॅसलच्या रिस्टोरने लावायची. या कमांडींचं नाव फक्त एसीएलचं (फाइलवरच्या जादा परवानग्यांच्या यादीचं) असलं तरी त्या यादीत मालक आणि गटही असतात. यादी नावांनीच घ्या, क्रमांकांनी नको. सिस्टिम खात्यांचे क्रमांक पॅकेजं ज्या क्रमाने बसली त्याप्रमाणे पडतात, त्यामुळे एका मशीनवरचा ११२ दुसऱ्या मशीनवर भलत्याच सेवेचा निघू शकतो. रेस्क्यू डिस्कवरून बूट करून स्वतःचाच बॅकअप लावत असाल तर नेमकं उलट: तिथे क्रमांक वापरा, कारण नावं रेस्क्यू डिस्कच्या पासवर्ड फाइलमध्ये शोधली जातील. केपेबिलिटीज या यादीत येत नाहीत; त्या गेटकॅपने वेगळ्या तपासाव्या लागतात.

होम, डेटाबेस आणि मेलसाठी जुळा सर्व्हर उपयोगाचा नाही. तिथे बॅकअप किंवा स्नॅपशॉटच (फाइलसिस्टिमची एका क्षणाची गोठवलेली प्रत) हवा. झेडएफएस, बीटीआरएफएस वा एलव्हीएमवर रोलबॅक सर्वांत जलद होतो, पण स्नॅपशॉटनंतर लिहिलेलं सगळं जातं. चालू डेटाबेस असलेल्या मशीनवर मी रोलबॅक करणार नाही. स्नॅपशॉट नुसता वाचण्यासाठी उघडा, त्यावर गेटफॅसल चालवा आणि ती यादी जिवंत फाइलींवर लावा. मजकूर आजचा राहतो, मालकी कालची येते. साध्या बॅकअपलाही हीच रीत. आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाने थेट परत आणलंत तर मालकी सुधारेल, पण बॅकअपनंतर बदललेल्या फाइलींवर जुना मजकूरही चढेल.

बॅकअप त्याच फाइलसिस्टिमवर हार्डलिंकने (एकाच फाइलला दिलेल्या अनेक नावांनी) ठेवलेला असेल आणि चोन त्या डिरेक्टरीतूनही फिरलं असेल, तर तो मालकीच्या कामाचा राहत नाही. हार्डलिंक केलेल्या सगळ्या प्रतींचा आयनोड एकच असतो, त्यामुळे मागच्या सगळ्या पिढ्यांची मालकी एका फटक्यात बदलते.

यातलं काहीच हाताशी नसेल, तर कमांड नेमकी काय दिली होती ते हिस्टरीत पाहा. कोलन न देता फक्त मालक बदलला असेल तर गट शाबूत आहे, आणि तोच मोठा सुगावा. ज्या फाइलचा गट पोस्टग्रेस, तिचा मालक बहुधा पोस्टग्रेसच. प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचा गट देणाऱ्या वितरणांत होम डिरेक्टऱ्याही अशाच सोडवता येतात. स्लॅशपासून सगळंच रूटला देऊन टाकण्याचा मोह मात्र टाळा. स्लॅश यूएसआरपुरतं ते बऱ्याच अंशी चालतं, सेटयूआयडी बिट नंतर परत लावले तर. स्लॅश व्हारमध्ये तसं केलंत तर पोस्टग्रेस सुरूच होणार नाही, कारण डेटा डिरेक्टरी आपल्या मालकीची नसेल तर तो चालायलाच नकार देतो. शिवाय उरलेला सुगावाही जाईल.

नव्याने उभारणी कधी? सर्व्हरची मांडणी अँसिबलसारख्या, सर्व्हर आपोआप उभारणाऱ्या साधनात लिहिलेली असेल आणि डेटा वेगळ्या डिस्कवर असेल, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. दुसरा प्रसंग याहून गंभीर: मालकी ज्या खात्याकडे गेली ते इंटरनेटला उघड्या सेवेचं असेल, उदाहरणार्थ वेब सर्व्हरचं, आणि मशीन तसंच काही तास चालू राहिलं असेल. तेवढा वेळ त्या सेवेला शॅडो फाइल (पासवर्डचे हॅश असलेली) वाचण्याची आणि सिस्टिमच्या बायनरी बदलण्याची मुभा होती. मालकी परत लावून तो काळ पुसता येत नाही. अशा वेळी मशीन नव्याने बसवा, बॅकअपमधून फक्त डेटा आणा, आणि त्यावरचे सगळे पासवर्ड व एसएसएच कीज बदला.