जुन्या आल्टोला पॉवर विंडो : चिपळुणात करून घेतलेलं काम

गाडी २००९ची आल्टो, स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही आणि काचांना हँडल. एसी नसलेली गाडी कोकणात म्हटली की काचा कायम खाली, आणि कुंभार्ली घाट चढताना पावसाची सर आली की आपल्या बाजूची काच होते हो वर, पण डावीकडची कोण करणार? गाडी कडेला घ्या, आडवे व्हा, हँडल फिरवा, तोवर शेजारची सीट भिजून चिंब. शेवटी चिपळुणातल्या एका ऍक्सेसरीवाल्याकडे पुढच्या दोन दारांना पॉवर विंडो बसवल्या, आता पावसाळा काढलाय गाडीने म्हणून लिहितोय.

किट दोन तऱ्हेचं मिळतं. एकात मोटर हँडलच्याच दांड्यावर बसते आणि आतलं जुनं रेग्युलेटर, म्हणजे काच वरखाली करणारी यंत्रणा, तसंच राहतं, स्वस्तात होतं पण ते जुनं आधीच घासलेलं असेल तर मोटर बिचारी रडत रडत काच ओढते. दुसऱ्यात त्या त्या गाडीचं मोटरसकट अख्खं रेग्युलेटर येतं. मी हे दुसरं घेतलं, मजुरी धरून सहा हजारांच्या आत झालं, आणि माझं मत विचाराल तर पंधरा वर्षांच्या गाडीला हेच घ्या.

दुकानातला पोरगा एक नंबर. हँडल काढायला त्याने स्क्रू ड्रायव्हर हातातसुद्धा घेतला नाही. जुन्या बनियनची पट्टी हँडल आणि पॅडच्या (दाराच्या आतल्या आवरणाच्या) मधल्या फटीत घातली, दोन्ही टोकं धरून सरसर घासली आणि आतली क्लिप टण्णकन उडून खाली. पॅडला ओरखडा नाही.

पण खरं काम वायरिंगचं. सप्लाय थेट बॅटरीवरून, वाटेत फ्यूज, आणि रिले (करंट जोडणारा-तोडणारा स्विच) इग्निशनवर, म्हणजे चावी काढली की काचांची बटणं चालत नाहीत. दारातून वायर आत न्यायला भोक पाडावं लागतं, तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रिंग, घालायलाच लावा नाहीतर दार उघडझाक करून पत्र्याची धार वायर कापते. आणि त्या भोकाच्या कडेला प्रायमर मारून घ्या, आपल्याकडे खारं वारं उघडा पत्रा सोडत नाही. पॅडच्या आतला प्लॅस्टिक कागद फाडून फेकायची सवय असते काही जणांना, तो परत नीट चिकटवून घ्या. काचेवरचं पाणी दाराच्या आत उतरतंच, ते खालच्या भोकांतून जायला हवं, कागद नसेल तर पॅड फुगतं. माझ्या दारातली ती भोकं लाल मातीने गच्च भरलेली, पोरानं न सांगता तारेने मोकळी केली, त्याचे पैसे नाही घेतले. काचेच्या चॅनलचं रबरपण पुसून सिलिकॉन स्प्रे मारला, त्यात गुहागरच्या किनाऱ्याची वाळू निघाली अर्धी मूठ!

मागच्या दारांचंही करा म्हटलं तर मालकच म्हणाला, "दादा, पाठची हँडलं राहू देत. २०२१चा पूर बघितलाय ना?" पटलं. २२ जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा गाड्यांचं काय झालं ते इथं कुणाला सांगायला नको. पाण्यात वायरिंग गेलं तर बटण दाबून काच खाली येईलच असं नाही, हँडलला करंट लागत नाही. धंदा सोडून असं सांगणारा दुकानदार मिळतो कुठे.

आता कटकटी. स्विच हँडब्रेकजवळ बसवलेत, रात्री त्यांचा निळा लाईट डोळ्यात जातो, मी चिकटपट्टी लावलीय. हँडलच्या भोकावरचं प्लॅस्टिकचं झाकण सारखं निघतं. इंजिन बंद असताना काच हळू चढते, ते तसं चालायचंच, इंजिन चालू केलं की व्होल्टेज वाढतं आणि पळते. आणि मध्ये बोट आलं तर ही काच आपोआप थांबत नाही, घरात लहान पोरं असतील तर बटणाशी खेळू देऊ नका.

जायचं असेल तर सकाळी दुकान उघडताच जा, दोन दारांना अर्धा दिवस मोडतो, आणि गणपतीच्या आधी तर जाऊच नका, मुंबईच्या गाड्यांची रांग असते तिथे.