दादरहून एका दिवसाचा समुद्र : अलिबाग की केळवे?

हा प्रश्न आमच्या घरी वर्षातून दोन-तीनदा तरी निघतो. मुक्काम करायचा नाही, रात्रीच्या जेवणाला घरी परतायचे, बरोबर पंचाहत्तरीची आई आणि शाळकरी दोन मुले, आणि स्वतःची मोटार नाही. अशा कुटुंबासमोर दादरहून दोन वाटा सरळ दिसतात : गेटवेवरून लाँचने मांडव्याला उतरून अलिबाग, आक्षी आणि नागाव, किंवा डहाणू लोकलने केळवे आणि त्याला लागून असलेले माहीम. (हे माहीम पालघर तालुक्यातले. पहिल्यांदा बेत सांगितला तेव्हा आई म्हणाली होती, ‘‘माहीमला जायला गाडी कशाला हवी? आपण तर चालत जातो.’’) दोन्हीकडे आम्ही तीन-चार वेळा जाऊन आलो आहोत, आणि पुढे जे लिहितो आहे ते तेवढ्याच अनुभवाच्या बळावर.

मोटार असणाऱ्यांचा हिशेब वेगळा होईल, हे आधीच मान्य केलेले बरे. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे, आणि जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून रस्त्यानेही पनवेलच्या बाजूला लवकर पोहोचता येते. वडखळच्या पुढे रविवारी काय वाढून ठेवलेले असते, ते मात्र ज्याचे त्याने पाहावे.

केवळ पाहण्यासारखे काय आहे, एवढाच प्रश्न असेल तर अलिबागचे पारडे निःसंशय जड आहे. मुंबई मागे सरकत जाताना लाँचच्या कठड्याला टेकून उभे राहणे हीच मुलांची अर्धी सहल असते. हिवाळ्यात बोटीच्या मागे लागणारे कुरव पक्षी असले, तर तासाभराचा तो प्रवास कधी संपला ते कळतही नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर कुलाबा किल्ला असतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे भर समुद्रात असूनही आत गोड्या पाण्याचा साठा बाळगून आहे, आणि ही गोष्ट मुलांना कोणत्याही सनावळीपेक्षा अधिक काळ लक्षात राहते. पुढे आक्षीला शके 934 चा, म्हणजे इ. स. 1012 चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते, त्यामुळे नागावला जाता जाता तिथे पाच मिनिटे थांबायला हरकत नाही. शिवाय मोसमात परतताना पांढऱ्या कांद्याची माळ घरी आणता येते. हे कारण माझ्या पत्नीच्या मते किल्ल्यापेक्षा वजनदार आहे.

किल्ल्याची मात्र एक अडचण आहे. तो ओहोटीलाच पायी गाठता येतो, आणि ओहोटी आपल्या रविवारची वाट पाहत नाही. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती असते आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. सकाळच्या बोटीने निघालेला माणूस अकराच्या आसपास किनाऱ्यावर पोहोचतो, तेव्हा त्याच्या सोयीचे दिवस म्हणजे सप्तमी ते दशमी. गंमत अशी, की नेमक्या याच दिवसांत भांगाची भरती-ओहोटी असते आणि पाणी उधाणाच्या दिवसांइतके मागे हटत नाही. त्यामुळे वाट मिळाली तरी ती कोरडी मिळेलच असे नाही, आणि घोडागाडीचा आधार घ्यावा लागतो. पौर्णिमा किंवा अमावस्या पाहून गेलात, तर दुपारी किल्ला पाण्याने वेढलेलाच दिसेल. आमच्या पहिल्या खेपेला नेमके हेच झाले; तिथी पाहण्याचे शहाणपण त्यानंतरचे आहे.

तरीही किल्ला हुकल्यामुळे माझे मत फिरले नाही. ते फिरले चढउतारांमुळे. दादरहून लोकल, चर्चगेटहून टॅक्सी, मग लाँच, मांडव्याच्या लांबलचक जेट्टीवरून चालत जाऊन अलिबागची बस, आणि तिथून नागावपर्यंत रिक्षा : जाताना पाच वाहने आणि येताना तीच पाच. दादरहून थेट गेटवेपर्यंत टॅक्सी केली तर दोन्ही वेळचा एकेक चढउतार वाचतो, तरीही आठ उरतातच. तरुण माणसाला यात काही वाटणार नाही, मलाही एकट्याला कधी वाटले नव्हते. पण आईच्या गुडघ्यांनी या सहलीचे जे मोजमाप केले, ते मला कुठल्याही नकाशावर आढळले नसते.

त्यातला एकच प्रसंग सांगतो. परतीच्या लाँचने गेटवेला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. धक्क्याला आधीच एक लाँच लागलेली असल्याने आमची तिच्या कुशीला लावली गेली, आणि प्रवाशांनी या बोटीतून त्या बोटीत आणि तिथून पायऱ्यांवर जावे असे ठरले. गेटवेला हे नेहमीचेच आहे, त्यात कुणाची विशेष चूक होती असे मी म्हणणार नाही. परंतु दोन्ही बोटी आपापल्या तालावर वरखाली होत होत्या, ओहोटीमुळे उघड्या पडलेल्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, मागून लोक ढकलत होते, आणि आई एक पाय उचलून तो कुठे ठेवावा याचा विचार करत उभी होती. खलाशाने तिला दंडाला धरून अक्षरशः उचलून पलीकडे ठेवले. त्याने ते आदरानेच केले. आई मात्र घरी पोहोचेपर्यंत फारसे बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘पुढच्या वेळी तुम्ही जाऊन या, मी घरी बरी.’’ तीन पिढ्यांनी मिळून काढलेल्या सहलीतून पहिली पिढी वजा झाली, तर उरलेल्या किल्ल्याचे आणि शिलालेखाचे काय करायचे, हे मला अजून उमगलेले नाही.

केळव्याला जाताना चढउतार मोजून दोन : डहाणू लोकल आणि केळवे रोड स्थानकाबाहेरून रिक्षा. विरारहून सुटणारी गाडी घ्यावी लागली तर तीन. रविवारी सकाळी दादरला बसायला जागा मिळते असा आमचा अनुभव आहे. एकदा बसले की पावणेदोन-दोन तास उठायचे काम नाही. लाँचची मौज या प्रवासात नाही, हे मुलांनी मला ऐकवलेले आहे, पण वैतरणेच्या खाडीवरून गाडी जाऊ लागली की तीही खिडकीशी गोळा होतात. रिक्षाची वाट वाड्यांमधून जाते. नागवेलीच्या पानांसाठी हा पट्टा जुना आणि नावाजलेला आहे, आणि पानमळ्यातल्या दाट सावलीची ओळख आईनेच मुलांना करून दिली. तिच्या माहेरी तसा मळा होता. किनाऱ्याला लागून सुरूचे लांब बन आहे. चटई अंथरून आईला तिथे बसवावे, डबा तिच्याजवळ ठेवावा आणि मुलांना घेऊन पाण्याकडे जावे. ती आपल्याला पाहू शकते आणि आपण तिला. नागावला बसायला वाडीत जावे लागले, आणि किनाऱ्यावर उभे राहिलो तर पाण्यातल्या मुलांपेक्षा वाळूवरून धावणाऱ्या चारचाकी मोटारबाइकींकडे अधिक लक्ष द्यावे लागले. कदाचित आमचा दिवसच गर्दीचा असेल.

शितलादेवीचे मंदिर किनाऱ्यापासून चालण्याच्या अंतरावर आहे. केळवे, माहीम आणि शिरगाव ही तिन्ही पोर्तुगीज ठाणी 1739 च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली होती. त्यांतला शिरगावचा किल्ला आजही पाहण्याजोगा आहे, पण तो पालघरच्या बाजूला असल्याने एका दिवसात समुद्र आणि शिरगाव दोन्ही साधायचे तर धावपळ होते. आम्ही तो दर वेळी पुढच्या वेळेसाठी ठेवतो. जेवण घरगुती खाणावळीत सांगून ठेवावे लागते. थंडीत उकडहंडी, म्हणजे मडक्यात शिजवलेली मिश्र भाजी, मिळाली तर सोडू नये, आणि उन्हाळ्यात ताडगोळे वाटेतच मिळतात.

केळव्याच्या उणिवा झाकणार नाही. वाळू काळसर आहे आणि ओहोटीला समुद्र इतका आत जातो की मुलांना पाण्यापर्यंत चिखलट वाळूतून बरेच चालावे लागते. तिथे भरतीच्या वेळा पाहून जावे आणि पाणी परतू लागले की मुलांना बाहेर काढावे. सुटीच्या दिवशी दुपारनंतर सुरूच्या बनात ध्वनिक्षेपक घेऊन आलेली मंडळी असतात. विरारच्या पुढे लोकल मोजक्याच, त्यामुळे परतीची एक गाडी हुकली तर फलाटावर तासभर बसण्याची तयारी हवी. पण फलाट हलत नाही, आणि आईला बाकावर बसता येते.

पावसाळ्यापुरता तर प्रश्नच उरत नाही, कारण जून ते ऑगस्ट लाँच बंद असतात आणि केळव्याची गाडी चालू. त्या दिवसांत समुद्र लांबूनच पाहायचा असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

ज्यांच्या घरात सगळेच पायांनी धड आहेत आणि मुलांनी अजून कुलाबा किल्ला पाहिलेला नाही, त्यांना मी अलिबागपासून परावृत्त करणार नाही. त्यांनी पंचांग काढावे, रविवारी येणारी अष्टमी किंवा नवमी शोधावी आणि सकाळची पहिली लाँच धरावी. आमच्या मुलांनीही तसा एक रविवार शोधून दिनदर्शिकेवर खूण केली आहे. त्याच पानावर, त्याच्या आधीच्या रविवारी, आईच्या अक्षरात ‘केळवे’ असे लिहिलेले आहे.