वार पाळावेत की मटणाचा वाटा कमी करावा?

मांसाहार सोडायचा नाही, पण कमी करायचाय, तर आपल्याकडे दोन मार्ग आहेत. एक वार पाळण्याचा: सोमवार, गुरुवार, शनिवार बंद. नियम सोपा, घरात वाद नाही. पण रविवारी माणशी पाव किलो मटण खाल्लं, तर कमी काय झालं?

दुसरा मार्ग भांड्यातला. चौघांना किलोऐवजी अर्धा किलो मटण, जोडीला बटाट्याच्या मोठ्या फोडी. कांदा-खोबऱ्याचं वाटण मात्र तेवढंच. मंद आचेवर बटाटा रस्सा पिऊन घेतो, आणि भाकरी कुस्करून बसलं की मटणाचे तुकडे कोणी मोजत नाही. सुकट-वांगं तर मूठभर सुकटीत घरभर पुरतं. मला हाच मार्ग जास्त पटतो, कारण चव सुटत नाही. फक्त ताटात रोज डाळ-उसळ हवी. प्रथिनं तिथून मिळतात.