परड्यात कोणती अळंबी घ्यावी: धिंगरी की दुधी?

खानापूर, बेळगाव, निपाणीकडं घरी अळंबी करायची म्हटलं की लोक आधी बटण अळंबीची चौकशी करतात, कारण बाजारात डब्यात तीच दिसते. पण तिचं कंपोस्ट तयार व्हायला जवळजवळ महिना जातो आणि अळंबी धरताना खोली 14 ते 18 अंशांवर ठेवावी लागते. एसीशिवाय ते होत नाही. खरी निवड धिंगरी (ऑयस्टर) आणि दुधी (मिल्की) या अळंब्यांतच.

दोन्ही भाताच्या पिंजरावर, म्हणजे पेंढ्यावर, येतात. पिंजर यंदाचं, कोरडं, पिवळंधमक हवं; पावसात भिजून काळं पडलेलं भरलंत तर पिशवीत हिरवी बुरशी आधी शिरते. बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवा, मग 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवून निथळा. न्हाणीतल्या हंड्यात हे सहज जमतं. मूठभर पिंजर घट्ट पिळून बघा: हात ओलसर व्हावा, पण पाणी गळू नये. माझ्या मते निम्मं पीक इथंच ठरतं.

धिंगरीला 20 ते 28 अंश मानवतात. पिंजरासोबत बियाणं (स्पॉन) प्लास्टिकच्या पिशवीत भरल्यावर 15-20 दिवसांत अळंबीच्या धाग्यांनी पिशवी पांढरी होते. मग ती फाडून पाणी फवारत राहिलं की आठवडाभरात पहिला तोडा. दुधीला 30 ते 35 अंश लागतात, म्हणजे आपला मार्च ते मे. शिवाय पांढऱ्या झालेल्या पिशवीवर वाफवलेल्या मातीचा थर द्यायचा आणि आणखी दहा-बारा दिवस थांबायचं. काम वाढतं, पण दुधी दोन-तीन दिवस टिकते. धिंगरी दुसऱ्या दिवशीच मलूल होते. गावातून बेळगावच्या बाजारात माल न्यायचा असेल तर हा फरक मोठा आहे.

धिंगरी वाळवता येते, दहा किलोची साधारण एक किलो होते. पण खानापूरच्या पावसात ऊन कुठून आणणार? आणि घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर धिंगरी राहत्या घरात नकोच. तिचे बीजाणू हवेत उडतात आणि खोकला लागतो. म्हणून तोडाही कडा पसरून वर वळायच्या आत घ्यावा.

नव्यानं करणाऱ्यानं सुगी आटोपल्यावर धिंगरीच्या दहाएक पिशव्या भराव्यात. तेव्हा पिंजर नवं असतं, हवा गार असते आणि वाळवायला ऊनही मिळतं. बियाणं बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या बागायती संशोधन संस्थेकडं आधीच सांगून ठेवा. थोडं पिंजर आडोशाला कोरडं राखलंत तर मार्चमध्ये त्याच खोलीत दुधी घेता येते.