सॉल्ट लेक स्टेडियम, कोलकाता: तिकीट घ्याल तर वरच्या मजल्याचं घ्या

आधी कामाचं सांगतो. नागपूरहून गीतांजलीनं हावड्याला उतरलात की टॅक्सीवाल्याच्या नादी लागू नका. स्टेशनातूनच मेट्रो मिळते. हुगळीच्या पात्राखालून जाते अन् सॉल्ट लेक स्टेडियम नावाच्याच स्टेशनावर सोडते. मधला तुकडा ऑगस्ट २०२५ मध्ये जोडला गेला, त्यामुळे आता गाडी बदलायची भानगड नाही.

आता मी कोण हे सांगणारा? आमच्या गडचिरोलीकडच्या चामोर्शी तालुक्यात बंगाली गावं बरीच आहेत. धान निघालं की बांधीतच बांबूचे गोलपोस्ट ठोकून फुटबॉलची टुर्नामेंट भरते, अन् शिट्टी माझ्याकडे असते. शेजारचे दादा जन्मले इथंच, मराठी आपल्यासारखंच बोलतात, पण घराणं पूर्व बंगालातलं. म्हणून टीम कोणती, तर कोलकात्याची ईस्ट बंगाल. तिथल्याच कट्टर वैरी मोहन बागानसोबतची मॅच एकदा डोळ्यांनी पाहायचीच, असं त्यांचं चाललं होतं, म्हणून आम्ही दोघं गेलो. माझा हिरवा शर्ट त्यांनी लॉजवरच बदलायला लावला. तिकडे हिरवा-मरून म्हणजे बागान, लाल-पिवळा म्हणजे ईस्ट बंगाल. तुम्ही कोणाचेच नसाल तर पांढरा घाला अन् गप बसा.

स्टेडियमचं खरं नाव विवेकानंद युवभारती क्रीडांगण. आधी मोठ्या मॅची ईडन गार्डन्सवरही व्हायच्या. तिथं १६ ऑगस्ट १९८० ला याच दोन टीमच्या मॅचमध्ये दंगा होऊन १६ प्रेक्षक मेले. युवभारती सुरू झालं जानेवारी १९८४ मध्ये, नेहरू कपनं. त्यात अर्जेंटिनाची टीम येऊन खेळून गेली. पण लोक सांगतात ती गोष्ट १९९७ ची. १३ जुलै, फेडरेशन कपची सेमीफायनल, हेच दोघं. ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाचे तीन गोल, ईस्ट बंगाल ४-१ नं जिंकलं. त्या दिवशी आत १,३१,७८१ माणसं होती. अख्खं गडचिरोली शहर नेऊन बसवलं असतं तरी निम्म्याहून जास्त जागा उरली असती! दादांचे एक नातेवाईक तेव्हा होते तिथं. खुर्च्या नव्हत्या, सिमेंटच्या पायऱ्या. मॅच सुटेपर्यंत पाय लांब करता आले नाहीत म्हणे.

आता तसं नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपसाठी सगळीकडे खुर्च्या बसवल्या, त्यात जागा घटून ६६ हजारांच्या आसपास आली. मेस्सी २०११ मध्ये इथं खेळला तो नकली गवतावर. वर्ल्डकपच्या आधी ते उपटून खरं लावलं. फायनलही इथंच झाली. स्पेन २-० नं पुढे होतं अन् इंग्लंडनं ५-२ नं मारली. सुनील छेत्रीनं २०२४ मध्ये देशासाठीची निरोपाची मॅच कुवेतविरुद्ध इथंच खेळली, ०-०; २०२५ मध्ये तो परत आला ती गोष्ट वेगळी. म्हणजे निरोपाला गोल नाही, याचं मला आजही वाईट वाटते.

बसायचं कुठं? खालच्या मजल्यावर नाही. मैदान अन् प्रेक्षक यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. १९८७ चे दक्षिण आशियाई खेळ कोलकात्यात झाले, त्या काळचं बांधकाम, फक्त फुटबॉलपुरतं नाही. पण त्यामुळे खाली बसून पलीकडचा गोल दिसतच नाही, नुसती पायांची गर्दी दिसते. सगळ्यात वर जा. खेळाडूचा चेहरा दिसणार नाही, खेळ मात्र पूर्ण दिसतो. बचावाची फळी एका रेषेत कशी वर सरकते, बॉल सुटताच फॉरवर्ड तिच्यामागे कसा घुसतो, लाइन्समन त्या रेषेला धरून कसा पळतो. शिट्टी वाजवणाऱ्याला तर ही शाळाच आहे. ईस्ट बंगालचा एक गोल ऑफसाइड म्हणून, म्हणजे बॉल सुटताना खेळाडू बचावाच्या फळीपुढे होता म्हणून, रद्द केला, तेव्हा दादा खुर्चीवर उभे राहून ओरडत होते.

मी म्हटलं, "दादा, दोन पावलं पुढे होता ना तो."

अर्धा तास बोलले नाहीत माझ्याशी.

गेटवर झडती कडक. पाण्याची बाटली नेता येत नाही, अन् आपल्याकडच्या भावांनो, तंबाखूचा खर्राही काढून घेतात. खाणं बाहेरच उरका, घुगनी-मुरमुरे मस्त मिळतात. आतल्या एका स्टॉलवाल्यानं मला थंडगार रोल दिला अन् सुट्टे नाही म्हणून दहा रुपये ठेवून घेतले. जिना चढताना म्हाताऱ्या माणसाचा दम निघतो, सोबत कोणी असेल तर तासभर आधी पोहोचा.

मॅच सुटल्यावर सगळे एकदमच मेट्रोकडे धावतात. अर्धा तास खुर्चीतच बसा, मग निघा.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापला तो ट्रॅकसाठी. दादांना विचारलं तर ते म्हणतात, आधी तो गोल परत द्या, मग आकडा सांगतो.